शेऱ्याचा रकाना

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना बेनिल्दा कोरोनादो नदीच्या पायऱ्या उतरू लागली, की मेरेयालमध्ये कुणी कोंबड्या सोडायचं, कुणी कॉफीचं आधण ठेवायचं. घड्याळ बिघडलं तर वस्तीचं काही अडत नसे, बेनिल्दा बिघडली असती तर मात्र पंचाईत होती. एकतीस वर्षांत ती बिघडली नव्हती. निदान वस्तीची तरी तशी समजूत होती.

पायऱ्यांच्या कडेने तेरा पट्ट्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक एक मीटर उंच, पांढऱ्या पत्र्यावर काळे आकडे. सगळ्यात खालची मेता नदीच्या पात्रात, सगळ्यात वरची जवळजवळ चर्चच्या अंगणात. मार्चमध्ये पाणी पहिल्या पट्टीच्या पायाशी लोळत पडायचं आणि ऑगस्टमध्ये बाराव्या पट्टीला जाऊन भिडायचं. बेनिल्दा रोज दोनदा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, पाणी कुठे टेकलंय ते बघायची, आकडा वहीत लिहायची आणि राजधानीतल्या कचेरीला कळवायची. पूर्वी रेडिओवरून, आता फोनवरून.

"काय दोन्या, आज पेशंटला ताप किती?" होडीवाला रुफो काठावरून रोज विचारायचा. तिला सगळे मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत आणि थट्टेत नदीची नर्स.

"दोन मीटर एकतीस. तुझ्या डोक्यावरून जाईल एवढा. उगाच विचारू नकोस."

मेरेयालच्या पुढ्यातून वाहणाऱ्या मेताचा हा काठ कोलंबियाचा, समोरचा व्हेनेझुएलाचा. खाली पाच किलोमीटरवर ती ओरिनोकोत पडते, आणि तिथेही तोच प्रकार, हा काठ यांचा आणि तो त्यांचा. सीमा पाण्याच्या मधोमध आहे असं नकाशे म्हणतात. बागरे मासा सकाळी या देशात पोहतो, दुपारी त्या देशात, आणि ज्याच्या गळाला लागेल त्याचा नागरिक होतो. मेताचं पाणी दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं आणि ओरिनोकोचं गडद हिरवं, नितळ. एकत्र आल्यावरही दोघी बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहतात, एका घरात अबोला धरलेल्या जावांसारख्या.

हे काम बेनिल्दाकडे आलं ते तिच्या नवऱ्यामुळे. सिल्वेरिओ होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पट्ट्या रोवायला आलेल्या साहेबाचं इंजिन बंद पडलं, ते घेऊन तो सिल्वेरिओकडे आला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, की मला लिहिता-वाचता येणारं आणि कुठेही न जाणारं माणूस हवंय. सत्तावीस वर्षांची बेनिल्दा मांडीवर लेकीला घेऊन बसली होती. "मी कुठे जाणार?" ती म्हणाली. हे वाक्य आपण किती सहज बोलून गेलो, हे तिला पुढे कितीदा तरी आठवलं.

त्याच दिवशी तिने त्या साहेबाला विचारलं होतं, "हे शून्य कुठून आलं? नदी शून्यापासून सुरू होते म्हणजे कुठून?"

"मी पट्टी ठोकली तिथून," साहेब म्हणाला आणि हसला. वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, उंची आणि शेरा. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "इथे काही लिहायची गरज पडत नाही."

बेनिल्दाला मात्र ती गरज रोज पडली. 'फेस जास्त.' 'नदीतल्या डॉल्फिननी आज पिल्लू आणलं.' 'अख्खं झाड गेलं, वर तीन माकडं.' एका कोरड्या मार्चमध्ये पाणी पहिल्या पट्टीच्याही खाली गेलं, तेव्हा तिने मोजून 'उणे सात' लिहिलं. कचेरीतून फोन आला, की बाई, उंची उणे नसते. "मग इथे या आणि नदीला सांगा," ती म्हणाली. आकडे राजधानीत उतरवून घेतले जात, शेरे मात्र कुणी वाचत नसे. तिला ते माहीत होतं, तरी ती लिहायची. नदीबद्दल तिला सतत काही ना काही प्रश्न पडत, आणि रोज एकच आकडा लिहून भागेल एवढे ते थोडे नव्हते.

वरून येणाऱ्या प्रत्येक होडीवाल्याला ती अडवायची. तिकडे पाऊस किती? पाण्याचा रंग कसा? आतुरेसला ओरिनोको दगडांवर फुटते म्हणतात, म्हणजे नक्की काय करते? होडीवाले वैतागायचे. स्वतः जाऊन बघावं म्हटलं, तर सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा दोन्हीकडून तिचा पदर धरून उभे. नदीची एवढी उत्सुकता असलेली ती एकटीच बाई, आणि सगळ्या नदीकाठात जागचं हलता येत नसे तेही तिलाच.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी राजधानीतून इंजिनिअर बुइत्रागो आला. तिशीचा, थंड डोंगराळ भागातला, नाकावर उन्हाचे फोड. ती डोंगरातली माणसं फार गोड बोलतात, शिवी दिली तरी रुमालात गुंडाळून देतात.

"दोन्या बेनिल्दा, आपला गैरसमज होऊ नये," काजूच्या झाडाखाली लॅपटॉप उघडत तो म्हणाला. "आपल्या वह्यांबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे. त्या खऱ्या आहेत का, एवढंच बघायला मी आलोय."

बेनिल्दाने त्याच्यासमोर ठेवलेला कॉफीचा पेला किंचित मागे ओढला.

पडद्यावर एक रेघ होती. पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ती हळूहळू उतरत होती आणि एका ठिकाणी एकदम उडी मारून वर गेली होती. "एकोणतीस एप्रिल. सकाळी दोन मीटर अठरा, संध्याकाळी दोन मीटर एक्क्याऐंशी. बारा तासांत त्रेसष्ट सेंटिमीटर चढ. पण मेतावर वरच्या बाजूला आपली तीन ठाणी आहेत, तिन्हीकडे त्या आठवड्यात पाणी उतरत होतं. वरून पाणी आलं नाही, तर इथे वाढलं कुठून?" तो थोडा खाकरला. "आणि शेऱ्यात आपण लिहिलंय, 'नदी आज उलटी चालली आहे. पाणी हिरवं.'"

"कचेरीत हे वाचून हसले?"

"थोडेसे."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शेरा वाचला म्हणायचा."

बुइत्रागो बिचारा लाजला, पण मुद्दा सोडेना. मोठी नदी अचानक चढली तर लहान नदीला मागे रेटू शकते, हे पुस्तकात आहे, असं त्यानेच सांगितलं. पण त्या दिवशी ओरिनोको चढली होती हे कळायचं कसं? ओरिनोकोवरची आपल्या बाजूची पट्टी आदल्या पुरात वाहून गेली होती, आणि पलीकडच्या देशाची कचेरी सात वर्षं कागद पाठवत नव्हती, आपली कचेरीही त्यांना पाठवत नव्हती. कचेरीचं म्हणणं सरळ होतं. असा आकडा एक तर चमत्कारातून येतो, नाहीतर स्वयंपाकघरातून. अंधार पडायला आलाय, पाऊस झोडपतोय, कोण उतरतंय पायऱ्या, असं म्हणून घरात बसून आकडे लिहिणारे पट्टी-वाचक त्यांना भेटलेले होते.

"आणि एक आकडा स्वयंपाकघरातला निघाला की मग सगळ्यांवरच संशय येतो," तो म्हणाला. "सगळ्या वह्या बाजूला ठेवाव्या लागतील. सगळी एकतीस वर्षं."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"तळघरात. दोरी बांधून."

"न बघितलेला आकडा मी लिहीत नाही," बेनिल्दा ताडकन म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिची जीभ जड झाली.

"माझं विमान गुरुवारी आहे," बुइत्रागो हळू आवाजात म्हणाला. "तोवर एखादा दुसरा साक्षीदार मिळाला, कुणाचा लिहिलेला कागद, तर मला फार आनंद होईल. खरंच होईल."

त्या संध्याकाळचा आकडा लिहून झाल्यावर बेनिल्दाने खोलीत दोन वह्या काढल्या.

पहिली पाच वर्षांपूर्वीची. तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर होता. दुपारी आंबा खाऊन तिने कोय पाण्यात टाकली. काठावर बसून आंबा खाल्ला की कोय कुठे जाते ते बघायची तिची जुनी खोड. कोय नेहमी उजवीकडे, खाली ओरिनोकोकडे जायची. त्या दिवशी ती जागीच गोल फिरली आणि सावकाश डावीकडे, वर चालू लागली. बेनिल्दाने दुसरा आंबा आणला, मग तिसरा. तिन्ही कोया एकामागून एक वर गेल्या. पाणी हिरवं होत होतं आणि पायऱ्या चढत होतं. हाक मारावी तर शेजारी कुणी नव्हतं, सगळे गुरं डागायला गेलेले. सिल्वेरिओ असता तर त्याला ओढत आणलं असतं, पण त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

दुसरी वही अकरा वर्षांपूर्वीची. तारीख चौदा ऑक्टोबर, संध्याकाळ, सहा मीटर चव्वेचाळीस. शेरा नाही. हा आकडा तिने बघितलेला नव्हता. त्या दिवशी सकाळचं वाचन उरकून ती आणि सिल्वेरिओ नव्या इंजिनाच्या होडीतून आतुरेसला गेले होते. "एकदा बघ आणि गप्प बस बाई, माझे कान किटले," सिल्वेरिओ म्हणाला होता. अकराच्या सुमाराला पोचले. एक वाजता निघाले असते तर सहाच्या आत परतले असते. अख्खी ओरिनोको काळ्या दगडांत घुसून पांढरी होत होती, आणि बेनिल्दाच्या मनात पहिला विचार आला, की इथे पट्टी कुठे लावणार? इथे पाण्याला उंचीच नाही. सिल्वेरिओ तीनदा म्हणाला, चल. ती तीनदा म्हणाली, थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर पाणी सहा मीटर एक्केचाळीसला होतं, आदल्या सकाळी सहा सत्तेचाळीसला. तिने बरोबर मधला आकडा काढून रिकाम्या घरात लिहून टाकला.

म्हणजे खऱ्या आकड्यासाठी ती खोटी ठरत होती, आणि खोट्या आकड्यावर कुणी बोटसुद्धा ठेवलं नव्हतं. तिने दोन्ही वह्या मिटल्या. खोटारडी तर मी आहेच, तिच्या मनात आलं, पण यांनी धरलंय ते भलत्याच जागी.

बुधवारी सकाळचं वाचन झाल्यावर तिने वस्तीत विचारून बघितलं. उलटी नदी सगळ्यांनाच आठवत होती, पण एकाला ती लग्नाच्या वर्षी आठवत होती, दुसऱ्याला काजू जळाले त्या वर्षी, आणि तिसऱ्याला त्याच्या बापाच्या लहानपणी. शेवटी ती रुफोच्या होडीत बसून समोरच्या काठावर, लास पिएद्रासला गेली. तिथेही एक पट्टी होती, त्या देशाची, आणि ती वाचणारा एक माणूस.

पट्टीचा एक खुंट उरला होता आणि त्याला शेळी बांधली होती. वाचणारा कधीच गाव सोडून गेला होता. "वह्या?" त्याची मेहुणी म्हणाली. "बाई गं, दोन पावसाळे चूल पेटली त्यांच्यावर. चांगला कोरडा कागद होता."

बेनिल्दा तिथे शेळीजवळच बसली. एवढ्यात खालच्या दगडांवरून आवाज आला.

"कोण ते? नदीची नर्स? वाट चुकलीस की काय?"

ती तेओतिस्ते होती, कपडे धुवत असलेली. बेनिल्दाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. मध्ये, पाचेक वर्षांपूर्वी, दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि आठ महिने नदी ओलांडायला बंदी आली. बंदी उठली तोवर तेओतिस्ते खाली लेकाकडे राहायला गेली होती. परत येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि आधी कुणी कुणाकडे जायचं यावर दोघी अडून बसल्या होत्या.

"वाट कशी चुकेन? मध्ये नुसतं पाणी आहे," बेनिल्दा म्हणाली. "तुला नाही सापडली ती वर्षभरात."

"परगावाहून आले मी. आधी तू यायचं."

"मला सहाला परत पोचायचं असतं, कोमाद्रे."

"हो हो, तू नाही पोचलीस तर नदी वाहायची थांबेल. सरक तिकडे, तो दगड कोरडा आहे. चेहरा का असा झालाय?"

बेनिल्दाने विचारलं. पाच वर्षांपूर्वी, क्रूसाच्या सणाच्या आधी, मेता एक दिवस उलटी चालली होती, ते तुला आठवतं का?

तेओतिस्तेचा हात थांबला. तिने हातातला सदरा दगडावर आपटला. "तुला ओलेगारियाने पाठवलं ना? पाच वर्षं झाली तरी पोट भरलं नाही तिचं?"

"कुठली ओलेगारिया? मला कुणी पाठवलं नाही. माझ्या वह्या तळघरात टाकायला निघालेत!"

मग सगळं बाहेर आलं. तीन मेला क्रूसाच्या वेदीवर जे पांढरं कापड अंथरतात, ते ओरिनोकोच्याच पाण्यात धुवायचं, असा लास पिएद्रासच्या बायकांचा फार जुना नवस. मेताच्या पाण्यात ते पिवळट पडतं, हे तर आहेच. दर वर्षी पाळी लागलेल्या बाईने तासभर वल्हवत ओरिनोकोवर जायचं, धुऊन आणायचं. त्या वर्षी पाळी तेओतिस्तेची होती.

"मी होडी सोडायला खाली आले," ती म्हणाली, "आणि बघते तर दगडांशी पाणी हिरवंगार. शेवाळाचे पुंजके वर चाललेत. मी साबण लावून बघितला. अगं, ओरिनोकोचा फेस मला कळत नाही? जन्म गेला माझा. म्हटलं, बाई स्वतः चालत दारात आलीय, आता मी तिच्या घरी कशाला जाऊ? धुतलं इथेच. आणि मागच्या गल्लीतल्या एकीने बघितलं."

"मग?"

"मग काय! नवस मोडला, नवस मोडला. बायका जमल्या तोवर अंधार पडलेला, आणि सकाळी पाणी पुन्हा मातकट. मी आळशी, मी खोटारडी. त्यातून कापड पांढरंशुभ्र निघालं, तर म्हणे ब्लीच घातलं! ब्लीच! मी!" तेओतिस्तेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते साबणाच्याच हाताने पुसलं, त्यामुळे आणखी आलं. "कापडाला हात लावायची बंदी केली मला. म्हणून तर गेले मी लेकाकडे."

बेनिल्दाला तिचं वाईट वाटलं आणि त्याच क्षणी काळीज आनंदाने उडालं, आणि त्या आनंदाची तिला थोडी लाज वाटली. "तारीख?" तिने विचारलं. "तारीख कुठे लिहिलीय का?"

"शिक्षा दिली म्हणजे लिहिलीच असणार. ओलेगारियाच्या वहीत."

त्या घराची पायरी तेओतिस्ते पाच वर्षं चढली नव्हती. ती चढली, आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "वही काढ." ओलेगारिया ही क्रूस मंडळाची प्रमुख, उंच आणि काटक बाई. मंडळाची वही आजवर घराबाहेर गेलेली नाही, असं ती म्हणाली. बेनिल्दाने हात जोडले. "वहीबरोबर तुम्हीही चला. माझी वही आणि तुमची वही शेजारी ठेवायच्या, बाकी काही नाही." एका इंजिनिअरला आपली वही बघायची आहे हे ऐकून ओलेगारियाने चांगली शाल अंगावर घेतली. तिघी रुफोच्या होडीत बसल्या. एक पुढे तोंड करून, एक मागे तोंड करून आणि बेनिल्दा मध्ये. रुफो आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहून वल्हवत होता.

काजूच्या झाडाखाली ओलेगारियाने वही स्वतःच वाचली, चर्चमधली मिसा-प्रार्थना वाचावी तशा आवाजात.

"'एकोणतीस एप्रिल. तेओतिस्ते पारिका हिने वेदीचं कापड ओरिनोकोवर न नेता घरच्या दगडांवर धुतलं. विचारलं असता म्हणाली, की मेता मागे फिरली होती व ओरिनोकोच दगडांशी आली होती. कापड पांढरं निघाल्यामुळे ब्लीचचा संशय. शिवाय धुणं नेहमीच्या सपाट दगडावर न करता त्याच्या वरच्या दगडावर केलं, कारण सपाट दगड पाण्याखाली गेला होता, असं तीच सांगते. मंडळाला हे पटलेलं नाही.'"

बुइत्रागोने वही हातात घेतली, पुन्हा वाचली, आणि त्याचं सगळं डोंगरी सौजन्य गळून पडलं. त्याने चक्क शिट्टी मारली. "सपाट दगड आणि वरचा दगड यांच्यात अंतर किती?"

तेओतिस्तेने गुडघ्याशी एक हात धरला आणि कंबरेच्या खाली दुसरा. बुइत्रागोने खिशातून टेप काढून मध्ये धरली. "बासष्ट," तो म्हणाला. मग लहान मुलासारखा हसला. "दक्षिणेत पाऊस झाला असणार. ओरिनोको एका दिवसात चढली, आणि मेता उन्हाळ्याने अशक्त झालेली, तिला मागे ढकलत आत शिरली. पुस्तकात मी दहादा वाचलंय हे. बघितलेलं माणूस पहिल्यांदा बघतोय. दोन माणसं!"

"किती आत शिरली?" बेनिल्दाने लगेच विचारलं. "माझ्या कोया कुठवर गेल्या असतील?"

"माहीत नाही. कुणी मोजलेलं नाही."

"मग मोजायला हवं ना."

"म्हणजे," ओलेगारिया सावकाश म्हणाली, "बाई खरं बोलत होती?"

"बाई इथे उभी आहे," तेओतिस्ते म्हणाली. "तिलाच विचार."

ओलेगारियाने शाल सारखी केली, वही मिटली, पुन्हा उघडली. "यंदा सण तीन आठवड्यांवर आहे. कापड तू धू."

"धुईन. होडी तू वल्हव."

रुफो इतका हसला की त्याला खोकला लागला. बुइत्रागोने कचेरीचा कागद काढला आणि तिथेच गुडघ्यावर ठेवून लिहायला बसला. लिहिता लिहिता तो वाचत होता. "एकोणतीस एप्रिलचं वाचन योग्य असून त्याला पलीकडच्या काठावरचा लेखी पुरावा आहे. वाचक बेनिल्दा कोरोनादो यांच्या एकतीस वर्षांच्या, बावीस हजारांहून जास्त वाचनांत एकही खोटं..."

बेनिल्दाला वाटलं, गप्प बसावं. नुसतं बसायचं होतं, कागदावर सही होऊ द्यायची होती. वह्या तळघरातून बचावल्या होत्या. कोमाद्रे परत मिळाली होती.

"थांबा, साहेब," ती म्हणाली. "एक आहे."

"काय एक आहे?"

ती घरात गेली आणि दुसरी वही घेऊन आली. "चौदा ऑक्टोबर, संध्याकाळ. सहा चव्वेचाळीस. मी इथे नव्हते. घरी येऊन मनाने लिहिला."

"गप बस गं," तेओतिस्ते कुजबुजली. "वेड लागलं का तुला?"

बुइत्रागोने लॅपटॉपवर ते वर्ष काढलं. रेघ तिथे गुळगुळीत उतरत होती. त्याने बराच वेळ बघितलं. "हा आकडा तर अगदी बरोबर बसतो."

"बसणारच. मी बसवलाय."

"आपण बोलला नसता तर हे कधीच कुणाला कळलं नसतं."

"मला अकरा वर्षं कळतंय ना. काल मी तुमच्यावर भडकले, न बघितलेला आकडा लिहीत नाही म्हणाले. रात्रभर तो घास गिळला जाईना." तिने वही त्याच्यापुढे ठेवली. "टाकायच्या तर टाका तळघरात. पण खरं काय ते लिहून टाका."

ओलेगारियाने मान खाली घातली. बुइत्रागोने पेनचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं.

"कुठे गेला होतात?"

"आतुरेसला. माझा नवरा घेऊन गेला होता. तो तीनदा चल म्हणाला. माझाच पाय निघेना." तिला पुढचं सांगवेना, पण सांगितलं. "वीस वर्षं मी हिची उंची लिहीत होते, साहेब, आणि ही आहे कशी ते मला माहीतच नव्हतं."

बुइत्रागोने आधी आपला कागद पूर्ण केला. 'एकही खोटं' खोडून त्याने लिहिलं, 'एका संध्याकाळी वाचन झालेलं नाही, ते वाचकाने स्वतः कळवलं. बाकीची सर्व वाचनं पाण्याशी उभं राहून घेतलेली आहेत. वह्या नोंदीत ठेवाव्यात.' खाली सही केली. मग अकरा वर्षांपूर्वीची वही पुढे ओढून त्याने सहा चव्वेचाळीसवर एक सरळ रेघ मारली, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे काही लिहायची गरज पडत नाही तिथे, बारीक अक्षरात शेरा लिहिला आणि वही तिच्याकडे फिरवली.

'वाचन नाही. वाचणारी बाई नदी बघायला गेली होती.'